सुपाच्या रंगाची भिंत

रंगाऱ्याची लेक दर रविवारी दुपारी बापाकडे यायची, आणि दर रविवारी तिची पिशवी खांद्यावरच राहायची.

लेक येणार म्हणून तो सकाळीच दाढी करून, धुतलेला सदरा घालून बसायचा. पण ती यायची ती पुढच्या खोलीपुरती. खुर्चीच्या कडेला टेकायची, आणलेला डबा टेबलावर ठेवायची, "बाबा, गोळ्या घेता ना वेळेवर? गादी उन्हात टाकली होती का?" असं विचारायची, आणि बापाचं उत्तर अर्ध्यावर असतानाच उठायची. पिशवी खांद्यावर ती खांद्यावरच. जणू ही घरात बसलेलीच नाही, बसच्या थांब्यावर बसली आहे आणि बस कोपऱ्यावर दिसायला लागली आहे. स्वयंपाकघराकडे तर ती मानही वळवायची नाही. तहान लागली की पिशवीतून स्वतःची बाटली काढायची. आई गेल्याला वर्ष होत आलं होतं, पण त्या खोलीत तिने पाऊल टाकलं नव्हतं.

रंगाऱ्याला हे दिसत होतं, पण बोलता येत नव्हतं. त्याचा उभा जन्म दुसऱ्यांच्या घरात शिडीवर गेलेला. शिडीवरच्या माणसाला खालची भांडणं ऐकू येतात, रुसवेफुगवे दिसतात, पण त्याने आपला ब्रश चालवत राहायचं असतं. तीच सवय त्याला स्वतःच्या घरातही लागली होती. त्याला फार काही नको होतं. पोरीने एकदा ती पिशवी खाली ठेवावी, एवढंच. पण हे घडवून कसं आणायचं ते काही केल्या सुचत नव्हतं.

मग एका रविवारी चपला घालता घालता ती म्हणाली, "काय गारठा पडलाय हो बाबा. अशा दिवसांत आईचं बटाट्याचं सूप असायचं."

एवढं बोलली आणि धडाधडा जिना उतरून गेली, जणू तोंडातून भलतंच काही निघून गेलं.

रंगारी दाराला धरून उभा राहिला. बटाट्याचं सूप! दाट, मऊ, वर लोण्याचा तवंग आलेलं, मधूनच बटाट्याची एखादी फोड दाताखाली येणारं. हिवाळ्यात पातेलं चुलीवर चढलं की घर असं उबदार व्हायचं की शेजारी काहीतरी निमित्त काढून दार वाजवायचे. बायको सूप उकळत आलं की आधी नवऱ्याला हाक मारायची. "अहो, बघा बरं चव." तो चमचा तोंडात घालून म्हणायचा, "झकास." ती म्हणायची, "तुमच्या झकासला काही अर्थ नाही," आणि लेकीला बोलवायची. मिठाचं खातं लेकीकडे होतं. ती अगदी एवढीशी होती तेव्हापासून. चिमूट टाकायची, चाखायची, डोळे मिटायची, पुन्हा चिमूट टाकायची. तिने मान डोलावल्याशिवाय सूप वाट्यांत पडत नसे.

पुढच्या रविवारी पोरीला ते सूप द्यायचंच, असं रंगाऱ्याने ठरवलं. कुणालाही न सांगता ठरवलं. पण न सांगता काही करण्याची त्या घरात सोय नव्हती, कारण मावशी होती.

मावशी म्हणजे लेकीची मावशी, बायकोची थोरली बहीण. दोन गल्ल्या टाकून राहायची. तिला अख्खी गल्ली मावशी म्हणायची, आणि रंगारीही म्हणायचा. डॉक्टरांनी तिचं मीठ बंद केलं होतं. ती कसर तिने बोलण्यात भरून काढली होती, असं रंगाऱ्याचं मत होतं. हे मत तो शिडीवरच्या माणसासारखं मनातच ठेवायचा. शनिवारी सकाळी त्याने तिला फोन लावला.

"मावशी, तुमची धाकटी बटाट्याचं सूप करायची ते कसं करायचं?"

फोनवर शांतता पसरली. मावशीच्या फोनवर शांतता म्हणजे काळजीचीच गोष्ट.

"भावजी, बरं आहे ना तुम्हाला?"

"बरं आहे."

"ताप वगैरे नाही ना? चक्कर?"

"मावशी, मी बटाटे सोलून बसलोय."

"सोलून? आणि पाण्यात टाकलेत का? नाही ना? काळे पडतील! पुरुषांनी सोललेले बटाटे मी एरवीही ओळखते, अर्धा बटाटा सालीबरोबर जातो. हां, आता ऐका. आधी कांदा. तो चांगला लालबुंद परता. लालबुंद! त्यातच सगळी चव असते. धाकटीला मी हजारदा सांगितलं असेल."

"मग?"

"मग बटाटे, मग पाणी, मग दूध. त्यात काय विचारायचं?"

त्यात विचारण्यासारखं पुष्कळ होतं. दूध किती, पाणी किती, लोणी किती, हे मावशी सांगेना. "अंदाजाने" असं म्हणाली. रंगाऱ्याने हजार भिंती अंदाजाने रंगवल्या होत्या, पण तो अंदाज होता डोळ्याचा. जिभेवर त्याचा काडीचा विश्वास नव्हता, आणि बायकोचाही नव्हता.

फोन ठेवून तो स्वयंपाकघरात उभा राहिला, आणि त्याची नजर भिंतीवर गेली. मग त्याने कपाळावर हात मारला. माप तर समोरच होतं!

ही भिंत त्याने रंगवली तेव्हा बायको महिनाभर रंगावरून अडून बसली होती. तिला पांढरी नको, पिवळी नको, बदामी तर मुळीच नको. त्याने डब्याची झाकणं उघडून उघडून दाखवली. शेवटी ती पातेल्यातून सुपाचा चमचा भरून घेऊन आली आणि म्हणाली, "हा. हा रंग द्या." तो म्हणाला, असला रंग कुठल्या कंपनीत मिळत नाही. ती म्हणाली, "मग एवढी वर्षं रंगारी कशाला झालात?" झालं. तिथेच त्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. त्याने चमचा खिडकीच्या उजेडात धरला आणि पांढऱ्यात थेंबथेंब पिवळा, त्यात किंचित तांबूस मिसळत मिसळत सुपाला रंग जुळवला. बायको खूश झाली. आल्यागेल्याला सांगायची, "सुपाचा रंग आहे आमच्या भिंतीला."

आता काम फक्त उलट करायचं होतं. तेव्हा सुपावरून भिंत केली, आता भिंतीवरून सूप करायचं.

त्याने कांदा लालबुंद परतला. बटाटे शिजवले. दूध घातलं. आता ते एकजीव करायचं होतं, आणि रंगाऱ्याकडे एकजीव करायचं एकच साधन होतं, ड्रिलला लावून रंग ढवळायचा दांडा. दांडा नवा कोरा होता, त्याने तो वर उकळत्या पाण्यातूनही काढला. माणूस स्वच्छतेचा पक्का. मग त्याने ड्रिल चालू केलं. पातेल्यातून घर्रर्र आवाज निघाला, खालच्या मजल्यावरून कुणीतरी छताला झाडू ठोकला, आणि बघता बघता आतले बटाटे मऊ झाले, मग गुळगुळीत झाले, मग चकचकीत झाले, मग दांड्याला धरून वर यायला लागले.

त्याने पांढऱ्या बशीत त्यातलं थोडं पसरलं आणि बशी भिंतीला लावून पाहिली. किंचित फिकं होतं. त्याने अजून थोडा लाल कांदा वाटून घातला, गाजराचा रस घातला. पुन्हा बशी लावली. आता भिंत कुठे संपते आणि सूप कुठे सुरू होतं ते कळेना. रंगाऱ्याने समाधानाने ओठ मिटले. चव बघायची त्याला आठवणही झाली नाही. चव त्याने रात्रीच्या जेवणाला पाहिली, आणि उरलेलं जेवण दूध-पोळीवर भागवलं.

रविवारी सकाळी मावशी न बोलावता आली. आल्या आल्या तिने पातेल्याचं झाकण उचललं, चमचा खुपसला आणि सोडून दिला. चमचा सरळ उभा राहिला.

"भावजी, हे काय आहे?"

"सूप."

"ही खळ आहे. हिने पोस्टर चिकटतील." तिने बोटावर थोडं घेतलं. बोट आणि अंगठा चिकटले ते निघेनात. "हे कशाने घोटलंत?"

रंगाऱ्याने ड्रिलकडे पाहिलं. मावशीनेही पाहिलं. मग ती मटकन स्टुलावर बसली आणि डोळ्यांना पदर लावून हसायला लागली. "अहो, बटाटा आहे तो! त्याला इतकं पिळून काढलं की तो चिडतो, चिकट होतो. एवढं तर शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं."

"पण रंग बरोबर आहे," रंगारी म्हणाला.

"रंग?"

मग त्याला सगळं सांगावं लागलं. चमचा, भिंत, बशी. मावशीने ऐकून घेतलं, हे तिच्या बाबतीत विशेषच. मग तिने भिंतीकडे निरखून पाहिलं.

"हा सुपाचा रंग?" ती म्हणाली. "भावजी, हा तर चहाचा रंग आहे. दूध संपल्यावर करतात तसल्या."

"काहीतरीच काय! मी स्वतः मिसळलाय."

"कधी? पोरगी दोन वेण्या घालायची तेव्हा. तेव्हापासून इथे कितीदा तळण झालं असेल? किती दूध उतू गेलं असेल? तुम्ही दुसऱ्यांच्या भिंती बघून सांगता ना, काकू, धुरकटली हो भिंत, रंग काढायला हवा? मग ही काय भिंत नाही?"

रंगाऱ्याच्या तोंडात मारल्यासारखं झालं. कारण ती म्हणत होती ते खरं होतं. गिऱ्हाइकाच्या घरात पाऊल टाकताच त्याला भिंतीचं वय कळायचं. स्वतःची भिंत मात्र रोज बघून बघून त्याच्या डोळ्यांसमोरच पिवळी झाली होती, आणि त्याला पत्ता नव्हता. म्हणजे काल दिवसभर तो सूप जुळवत होता ते तळणाच्या धुराशी.

"कपाट!" तो एकदम म्हणाला.

"काय कपाट?"

"कपाटामागे धूर जात नाही. तिथे मूळचा रंग असणार. सरका बाजूला."

कपाट लाकडी, जुनं, डब्याडुब्यांनी गच्च भरलेलं. आधी ते रिकामं करावं, असं मावशीने सुचवलं. पण लेक यायला फार वेळ उरला नव्हता आणि रंगाऱ्याच्या अंगात वारं संचारलं होतं. त्याने एका बाजूने खांदा लावला, मावशीने दुसऱ्या बाजूने सूचना लावल्या. "हळू! अहो, डावीकडे! माझ्या डावीकडे नाही, तुमच्या!" कपाट करकरत भिंतीपासून सुटलं, गर्रकन फिरलं, आणि त्याचा पुढचा पाय फुटक्या फरशीच्या खड्ड्यात खच्चून बसला. आत डबे एकमेकांवर आपटले. मग सगळं शांत झालं.

स्वयंपाकघराला दार नव्हतं, नुसती चौकट होती. आता तिथे चौकटही दिसत नव्हती. होतं ते कपाट.

मावशीने कपाटाकडे पाहिलं. डाव्या बाजूने हात जाईल एवढी फट होती, उजव्या बाजूने तीही नव्हती.

"भावजी, आपण बाहेर कसं जायचं?"

पण रंगाऱ्याचं लक्ष तिकडे नव्हतंच. तो भिंतीकडे बघत होता.

कपाटाच्या जागी भिंतीवर उंच चौकोन उमटला होता, बाकीच्या भिंतीपेक्षा कितीतरी फिका. सायीसारखा. त्यात पिवळेपणा होता, पण लोण्यात असतो तेवढाच. लालसरपणा जवळजवळ नव्हताच. आणि त्या चौकोनात, बायकोच्या खांद्याएवढ्या उंचीवर, चमच्याएवढा एक पोपडा सुटलेला होता.

"अरेच्चा," तो म्हणाला. "हा आहे होय अजून."

"हे काय? घरच्याच भिंतीला पोपडे? रंगाऱ्याच्या?"

"म्हणून तर कपाट आणून ठेवलं होतं इथे," रंगारी ओशाळून म्हणाला. "तिने चमचा नुसता दाखवला नव्हता. भिंतीला टेकवला होता. हा रंग हवा म्हणून थेट सूपच लावलं. मी पुसलं, वरून रंग मारला, तर पोपडा. घासलं, पुन्हा मारला, पुन्हा पोपडा. स्निग्ध पदार्थावर रंग धरत नाही मावशी, काही करा. भिंतीत लोणी मुरलं की…"

तो बोलता बोलता थांबला. पुढे जाऊन त्याने त्या डागावरून अंगठा फिरवला.

"केवढं लोणी घालत असेल ही," तो हळूच म्हणाला. "पुसल्यावरही भिंतीत मुरलं इतकं."

मावशीचं तोंड उघडं पडलं. "मला म्हणायची, चमचाभरच घालते!"

"आणि लाल कुठे आहे? कांदा लालबुंद केला असता तर हा रंग इतका फिका झालाच नसता. मावशी, तुम्ही तिला हजारदा सांगितलंत ना, कांदा लाल कर म्हणून?"

"हजारदा."

"म्हणजे हजारदा तिने केला नाही."

मावशी म्हणाली, "लबाड कुठली." पण ते इतकं मायेने म्हणाली की रंगाऱ्याने ऐकलं नाही असं दाखवलं आणि बटाटे सोलायला घेतले.

बाहेर जायला वाट नव्हती, पण चूल आत होती, बटाटे आत होते, दूध, लोणी, साय सगळं आतच होतं. अडकायचंच तर यापेक्षा बरी जागा नव्हती. मावशीने बटाटे त्याच्या हातून ओढून घेतले आणि स्वतः सोलले, साल इतकी पातळ की आरपार दिसावं. रंगाऱ्याने लोणी घातलं. मावशी म्हणाली, बास. त्याने डागाकडे पाहिलं आणि अजून घातलं. मावशीने डोळे झाकून घेतले.

कांदा मात्र त्याने तिला शिवू दिला नाही. आच अगदी बारीक ठेवली आणि पातेल्याशी राखणीला उभा राहिला. मावशीचा हात दोनदा चुलीच्या बटणाकडे गेला.

"जरासा रंग येऊ द्या हो त्याला. आजारी दिसतोय."

"हात मागे."

"मी काही केलं?"

"मावशी, हात."

कांदा मऊ पडला, काचेसारखा झाला, गोडसर वास सुटला, पण रंग आला नाही. मग बटाट्याच्या फोडी, बुडेल एवढं पाणी, एक तमालपत्र. फोडी शिजून कडा विरघळायला लागल्या तेव्हा रंगाऱ्याने लाकडी पळीने अर्ध्याच चेचल्या, त्याही हलक्या हाताने. ड्रिलकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही. कोमट दूध घातलं, मग साय फेटून घातली, बेताबेताने, आणि दर वेळी बशीत थेंब घेऊन चौकोनाला लावून पाहिला. मावशीला वाटलं मिरपूड घालावी. तो म्हणाला, काळे ठिपके भिंतीवर नाहीत, म्हणजे ती वाटीत घेतल्यावर वरून घालत असणार. मावशी आठवून म्हणाली, "हो रे देवा, वरूनच घालायची."

शेवटची बशी भिंतीला लावली. जुळलं होतं.

मावशीने चमचा भरून तोंडात घातला. डोळे मिटले. उघडले तेव्हा ओले होते.

"डिट्टो," ती म्हणाली. "भावजी, डिट्टो धाकटीचं. तसूभर फरक नाही."

तेवढ्यात बाहेरच्या कुलपात किल्ली फिरली.

"बाबा?"

"आहे, आहे!" रंगारी कपाटाला म्हणाला.

पावलं पुढच्या खोलीत आली आणि थांबली. तिथून कपाटाची पाठ दिसत असणार, चौकटीत बूच मारल्यासारखी.

"बाबा, कुठे आहात?"

"कपाटामागे."

"कपाटामागे काय करताय?"

"सूप."

"मीपण आहे गं!" मावशी ओरडली. "सकाळपासून कोंडलंय मला तुझ्या बापाने!"

बाहेर पोरगी हसली. अगदी थोडंसं, नाकातून, पण हसली. रंगाऱ्याने पळी घट्ट धरली. हा आवाज त्याने वर्षभर ऐकला नव्हता.

"थांबा, ढकलते."

"नुसतं ढकलून होणार नाही. पाय खड्ड्यात बसलाय. मी इकडून फळी घालून उचलतो, तू तिकडून रेट. हो म्हटलं की रेट."

त्याने रंगकामाची फळी कपाटाखाली सारली आणि जोर लावला. "हो!" पलीकडून धक्का बसला, कपाट कण्हलं, हललं नाही. काहीतरी मात्र लाकडावर आपटलं.

"काय झालं?"

"काही नाही, पिशवी मध्ये येतेय."

रंगारी फळीवर वाकलेला तसाच राहिला. मावशी बोलणार होती, तर त्याने हाताने तिला थांबवलं.

मग पलीकडे जमिनीवर काहीतरी धप्पकन पडलं. जड होतं. बाटली होती आत, डबा होता, छत्री असावी.

"आता म्हणा," लेक म्हणाली.

त्याला पटकन म्हणता आलं नाही.

"बाबा? म्हणा की!"

"हो!" रंगारी म्हणाला, नको तेवढ्या मोठ्याने.

कपाटाचा पाय सुटला आणि सगळं कपाट एकदम आत घसरत आलं, आणि त्याच्यामागे, दोन्ही हात लावून, मान खाली घालून, पूर्ण जोरात रेटत, लेकही. कपाट थांबलं तेव्हा ती स्वयंपाकघराच्या मधोमध उभी होती. केस विस्कटलेले, गाल लाल. चौकट ओलांडली हे तिला ओलांडून झाल्यावर कळलं.

ती तशीच उभी राहिली. तिने वास घेतला. मग तिची नजर भिंतीवरच्या फिक्या चौकोनावर गेली.

"तो डाग!" ती म्हणाली. "आईने चमचा लावला होता. तुम्ही केवढे ओरडला होतात!"

"ओरडलो नव्हतो. धंद्याचं बोललो होतो."

"शेजारचे बघायला आले होते, बाबा."

"इतकं मोठ्याने धंद्याचं बोलायची यांना सवयच आहे," मावशी म्हणाली. "बस गं, सूप घे. मी चाखलंय. तुझी आईच बसलीये त्यात."

कपाट मध्येच उभं असल्याने स्वयंपाकघरातल्या टेबलापर्यंत कुणालाच जाता येत नव्हतं, म्हणून लेक चुलीशीच उभी राहिली. रंगाऱ्याने चमचा भरला, फुंकर मारली आणि पुढे केला. तिने तोंडात घेतला. दोघं तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिली.

तिने गिळलं. पापण्या हलल्या. पुन्हा चमचा बुडवून चाखलं.

"बाबा," ती म्हणाली, "मीठ?"

रंगाऱ्याने भिंतीकडे पाहिलं. पातेल्यात पाहिलं. पुन्हा भिंतीकडे पाहिलं. सकाळपासून जे जे दिसलं ते ते त्याने घातलं होतं.

"मिठाला रंग नसतो," तो हताश होऊन म्हणाला.

"पण मला तर बरोबर लागलं!" मावशी म्हणाली.

"मावशी, तुला मीठ बंद आहे! तुला काय, वरणाचं पाणीही बरोबर लागेल."

असं म्हणत लेकीने न बघता हात उजवीकडे नेला, मिठाची बरणी असायची त्या फळीवर. पण कपाट तिथे नव्हतं. हात हवेतून गेला आणि भिंतीला टेकला, नेमका त्या डागाच्या बाजूला. तिने तो लगेच काढला नाही.

मग वळून तिने कपाट उघडलं. पडझड झालेल्या डब्यांतून बरणी शोधून काढली, चिमूट टाकली, ढवळलं, चाखलं. डोळे मिटले. पुन्हा चिमूट टाकली. रंगारी आणि मावशी शाळेत निकाल लागताना उभं राहावं तशी उभी होती.

"हं," लेक म्हणाली, आणि चमचा बापापुढे धरला. "बघा."

रंगाऱ्याने चाखलं.

"झकास," तो म्हणाला.

"तुमच्या झकासला काही अर्थ नाही."

हे लेक म्हणाली. म्हणून झाल्यावर तिने स्वतःच तोंडावर हात ठेवला. पातेल्यात सूप बुडबुडत राहिलं. मग मावशीने नाक ओढलं, लेकीने हात काढला, आणि ती हसत होती की रडत होती ते एकदम सांगता आलं नसतं, पण तिने वाट्या काढल्या त्या तीन काढल्या.

जेवायला जागा नव्हती. मावशी स्टुलावर बसली, रंगारी रंगाच्या उलट्या डब्यावर, आणि लेक चुलीशेजारी ओट्यावर चढून, पाय खाली सोडून बसली, ती दोन वेण्या घालायची तेव्हा बसायची तशी. आपल्याला मिठाआधीचं सूप मिळायला हवं होतं अशी मावशीची तक्रार होती. पण तिने वाटी दोनदा भरून घेतली, आणि डॉक्टरांना हे कुणी सांगायचं नाही अशी दोघांकडून कबुली घेतली. लेकीने कालची खळही बघितली. चमचा अजून उभा होता. "ही टाकू नका," ती म्हणाली, "पुढच्या खोलीतलं कॅलेंडर सारखं पडतं," आणि खरंच उठून दोन बोटं खळ घेऊन गेली आणि कॅलेंडर चिकटवून आली. पिशवी वाटेतच पडली होती. ती तिला ओलांडून गेली आणि ओलांडूनच परत आली.

जेवणं उरकल्यावर रंगाऱ्याने कपाटाला हात लावला. "चला, हे जागेवर सरकवू. तू आहेस तोवर."

लेक ओट्यावरच होती, वाटीचा तळ बोटाने पुसत. तिने कपाटाकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या फिक्या चौकोनाकडे.

"आज नको बाबा. पोट भरलंय. पुढच्या रविवारी ढकलू."

"तोवर मधेच राहू दे?"

"राहू दे. आणि पुढच्या वेळी कांदा मी बघेन. मावशी, तू नाही."

"मी काही केलं?" मावशी म्हणाली.